माती, दगड आणि पाणी : भंडारा जिल्ह्यातील किल्ले व गढ्या

महाराष्ट्रात 'किल्ला' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. रायगड, राजगड, शिवनेरी ही नावे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात आणि ते योग्यच आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत बारा किल्ले आहेत. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. त्या यादीत प्रतापगडाचे नाव वाचून आपल्याकडील काही जणांना क्षणभर हर्ष झाला असेल. परंतु तो प्रतापगड साताऱ्याचा. अर्जुनी मोरगावच्या रानातला आपला प्रतापगड, जेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या दर्ग्यावर उरूसही होतो, तो निराळा. हा प्रतापगड १९९९ च्या मे महिन्यापर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर तो गोंदियात गेला. वैनगंगेच्या खोऱ्यातील एकाही किल्ल्याला त्या यादीत स्थान नाही.

याची तक्रार करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. जगाच्या यादीत जे बसते ते जग सांभाळील. जे कोणत्याच यादीत नाही ते सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्या गावात ते उभे आहे त्यांची असते. म्हणून आपल्या जिल्ह्यातील किल्ले आणि गढ्या काय आहेत, त्या का बांधल्या गेल्या आणि आज त्यांची काय अवस्था आहे, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे ठेवावे असे वाटले.

पवनीचा तट

आरंभ पवनीपासून करावयास हवा, कारण तेथील तटबंदी आपल्या जिल्ह्यातील सर्वांत जुन्या वस्तीभोवती उभी आहे. गावाच्या एका अंगाला वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंना मातीचा उंच तट व त्याबाहेर खंदक, अशी या नगराची रचना आहे. नदीने जेवढे रक्षण केले तेवढे नदीवर सोपवावे आणि उरलेले माणसाने करावे, हा जुन्या नगररचनेचा साधा हिशोब येथे स्पष्ट दिसतो. पुढील काळात या तटाला दगडी बांधकामाची आणि दरवाजाची जोड मिळाली.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून सांचीच्या स्तूपाशी तुलना करावी एवढा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. भार वंशातील भगदत्त नावाच्या राजाचा शिलालेखही पवनीतच सापडला. म्हणजे ज्या गावाला आपण आज तालुक्याचे ठिकाण म्हणून ओळखतो ते दोन हजार वर्षांपूर्वी धर्माचे, व्यापाराचे आणि राज्यकारभाराचे केंद्र होते. तटाची माती ही अशा नगराच्या वैभवाची मूक साक्षीदार असते. ज्या गावात चोरण्यासारखे काहीच नाही त्याला तट लागत नाही.

खुद्द भंडारा शहराचे नावही जुने आहे. रतनपूर येथील इ. स. १११४ च्या शिलालेखात 'भाणार' असा उल्लेख येतो आणि तो या गावाचा असावा असे अभ्यासक मानतात. शहरातील जुना किल्ला गवळ्यांनी बांधला अशी लोकपरंपरा सांगते. पुढे त्या किल्ल्याचा तुरुंग झाला. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या भिंती माणसांना आत ठेवण्याच्या कामी आल्या. लंडनच्या टॉवरपासून भंडाऱ्याच्या किल्ल्यापर्यंत अनेक वास्तूंच्या कपाळी हे भवितव्य लिहिलेले दिसते.

देवगडचे गोंड आणि त्यांचे पठाण सरदार

आज आपण ज्यांना जिल्ह्यातील किल्ले म्हणतो त्यांतील प्रमुख किल्ले मात्र एवढे प्राचीन नाहीत. ते सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या आरंभी पुढे आले. त्या वेळी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. देवगड हे आजच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील राजा बख्तबुलंद शाह हा मोठा कर्तबगार पुरुष होता. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लामचा स्वीकार केला, राज्य मिळवले आणि परत येऊन निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या लोकांना आपल्या मुलखात वसवले. १७०२ साली बारा खेडी एकत्र करून नागपूर शहराचा पाया घालणारा राजा तो हाच.

तुमसरजवळील अंबागड त्याच काळातला. बख्तबुलंद शाहाचा सरदार राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. सातपुड्याच्या एका टेकडीवर, दाट झाडीत, तट, बुरूज, दरवाजा, पाण्याची जागा आणि वरचा बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. राजा गोंड, सरदार पठाण, पुढचे धनी मराठे आणि भोवतालच्या खेड्यांत हरतऱ्हेचे लोक, अशी ही मिश्र कहाणी आहे. 'हा किल्ला कोणाचा?' असा प्रश्न आज कोणी आवेशाने विचारला तर त्याला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. आणि तेच त्याचे खरे उत्तर आहे.

साकोली तालुक्यातील सानगडीचा किल्ला, ज्याला सहानगडही म्हणतात, याची हकीकत याहून चित्तवेधक आहे. ताजखान नावाच्या पठाणाचे शौर्य पाहून बख्तबुलंद शाहाने त्याला डोंगरतालचा मुलूख दिला आणि पुढे ताजखानाने सानगडी हस्तगत केली. १७४३ साली रघूजी भोसले यांनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतले. परंतु ताजखानाचा मुलगा मुहम्मदखान याने आपल्या जुन्या धन्याच्या नावाने सानगडी तीन वर्षे लढवली. अखेर रघूजींनी त्याच्या निष्ठेचे कौतुक करून त्याला निरोप धाडला की, सानगडी सोडलीस तर शिवनीचा मुलूख तुझ्याकडे देतो. मुहम्मदखानाने ते मान्य केले आणि तो शिवनीचा दिवाण झाला. गॅझेटियरमध्ये नोंदलेली ही हकीकत वाचताना मन थबकते. जेत्याने पराभूताला सुळावर न चढवता त्याच्या इमानाची किंमत केली. लढाईच्या इतिहासात असे प्रसंग विरळा असतात. म्हणूनच ते मुलांना सांगावेत.

गढी म्हणजे काय?

किल्ला राजाचा असतो. गढी गावाची असते. आपल्या भागात खरा वारसा या गढ्यांचा आहे. युरोपच्या इतिहासात ज्यांना बुरुजघरे म्हणता येईल, म्हणजे एका कुटुंबाचे राहते घर आणि संकटकाळचे आश्रयस्थान अशा दोन्ही गरजा भागविणारी तटबंद वास्तू, त्यांचेच हे वैदर्भीय भावंड आहे.

गढीची बांधणी ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रथम भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असा मातीचा चौथरा करीत. त्यावर खालचे काही थर दगडाचे आणि वरची जाडजूड भिंत पांढऱ्या मातीची. भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती, म्हणजे तिचा भार तिलाच पेलतो. चारी कोपऱ्यांना गोल बुरूज. त्यांत बंदुकीची नळी बाहेर निघेल एवढ्या जंग्या. दरवाजा एकच. त्याच्या मोठ्या फळीत वाकूनच आत जाता येईल अशी लहान दिंडी आणि मागे आडवा अडसर. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, सदर, राहण्याच्या खोल्या, धान्याची पेवे आणि पाण्याचा आड. वर कवेलूचे छप्पर.

मातीची भिंत हे गरिबीचे लक्षण, असा एक समज आहे. तो खरा नाही. दगडी भिंतीवर तोफेचा गोळा आदळला की चिरे फुटतात आणि ढासळतात. जाड मातीच्या भिंतीत गोळा रुतून बसतो. मातीचा खरा शत्रू पाऊस. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून येथील गढीला दरवर्षी लिंपण करावे लागे, छप्पर शाकारावे लागे. गढी एकदा बांधून भागत नसे. ती दरवर्षी नव्याने राखावी लागे. ज्या वर्षी हे काम थांबले त्या वर्षापासून तिची पडझड सुरू झाली असे समजावे.

पेंढाऱ्यांचे दिवस

खेडोपाडी गढ्या का उभ्या राहिल्या याचे एक उत्तर पेंढारी हे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नर्मदेच्या काठावरून घोडेस्वारांच्या टोळ्या निघत आणि वऱ्हाड-नागपूरपर्यंत लूटमार करीत. करीमखान, चितू ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. १८११ साली तर त्यांनी नागपूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन बाहेरच्या वस्त्या जाळल्या. जेथे राजधानीची ही अवस्था तेथे खेड्याचा वाली कोण? पेंढाऱ्यांजवळ तोफा नसत आणि वेढा घालून बसण्याइतका वेळही नसे. एक-दोन दिवस दरवाजा टिकला की ते पुढच्या गावाकडे वळत. म्हणून धुळीचा लोट दिसला की बायकामुले, गुरेढोरे आणि शक्य तेवढे धान्य घेऊन गाव गढीत शिरे. १८१७-१८ साली इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बीमोड केला. चितू १८१९ मध्ये रानात वाघाच्या तोंडी पडला. पण तोवर एका पिढीचे बालपण भीतीत गेले होते.

हे चित्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पवित्र शास्त्रातील शास्त्यांच्या ग्रंथात तेबेस नगराची कथा येते. अबीमलेखाने नगर घेतल्यावर तेथील स्त्रीपुरुष मधल्या मजबूत बुरुजात शिरले, दार लावून गच्चीवर गेले आणि दाराला आग लावण्यासाठी तो जवळ येताच एका बाईने वरून जात्याची तळी त्याच्या डोक्यात टाकली. त्या बाईचे नाव ग्रंथात नाही. तिच्या हाती शस्त्र नव्हते. जे घरात होते तेच तिने उचलले. भंडाऱ्याच्या गढ्यांतही जाती होती, पाटे होते आणि निनावी बायाही होत्या.

युरोपातही असेच घडत होते. १४२९ साली इंग्लंडच्या सहाव्या हेन्री राजाच्या अमलात आयर्लंडमधील सरहद्दीच्या मुलखासाठी एक कायदा झाला. वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि चाळीस फूट उंच असे बुरुजघर बांधणाऱ्यास दहा पौंड अनुदान मिळे. इटलीतील सान जिमिन्यानो या लहानशा नगरात श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या ईर्षेने बाहात्तर बुरूज उभारले होते असे सांगतात. त्यांतील चौदा आज उभे आहेत आणि जगभरचे प्रवासी ते पाहावयास जातात. उत्तर कोकणातील आपल्या बंधुभगिनींना तर वसईचा किल्ला परिचित आहेच. पोर्तुगिजांनी बांधलेल्या त्या तटाच्या आत अनेक चर्चेस होती आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला. देश, काळ, धर्म भिन्न. तरी जाड भिंत, एकच दार आणि आतला पाण्याचा साठा या तीन गोष्टी सर्वत्र सारख्या. भय माणसाला सर्वत्र सारखेच बांधकाम शिकवते.

पाण्याची कसोटी

किल्ला किती दिवस टिकेल हे भिंतीवर ठरत नाही, पाण्यावर ठरते. या दृष्टीने आपल्या जिल्ह्याची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले चित्र अंबागडाचे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात अंबागडाचा कैदखाना झाला. किल्ल्यावरील साचलेले, दूषित पाणी कैद्यांना प्यावयास लावीत आणि ते त्यानेच मरत, अशी कथा त्या परिसरात परंपरेने सांगितली जाते. राजाखानाने हा किल्ला बांधला तेव्हा तेथील पाणी हा त्याचा प्राण होता. पुढच्यांनी तेच मरणाचे साधन केले. दगड तेच, पाणीही तेच. वापरणाऱ्याचे मन पालटले.

दुसरे चित्र तलावांचे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. चांद्याच्या गोंड राजाने कोहळी लोकांना काशीकडून आणून येथे वसवले अशी परंपरा आहे. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून पाळ कोठे घालावी हे जाणणारे हे लोक. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. त्याखेरीज गावोगावच्या लहान बोड्या आहेतच. ज्या काळात गढ्या उभ्या राहत होत्या त्याच काळात हे तलावही बांधले जात होते. दोन्हींचे साहित्य एकच, माती. दोन्हींमागे गावचा प्रमुख आणि गावचे मनुष्यबळ. गढीची भिंत शत्रूला अडवी, तलावाची पाळ पाण्याला. एकीने जीव वाचवला, दुसरीने जीव जगवला.

या दोन्हींचे नशीबही एकमेकांत गुंतलेले राहिले. १८१८ साली आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याचा किल्ला घेतला आणि उठाव मोडला. हा कामठा आता गोंदिया जिल्ह्यात आहे. नागपूरजवळच्या कामठीशी त्याची गल्लत करू नये. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. इंग्रजी अमलात गढीचे लष्करी महत्त्व संपले, तरी मालगुजारीच्या व्यवस्थेमुळे गढी किंवा वाडा हे गावाचे सत्ताकेंद्र राहिले. तलावाची दुरुस्ती आणि गढीचे लिंपण दोन्ही मालगुजाराच्या अंगावर होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्याय्य बदल होता. तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. तलावांना निदान नवा धनी मिळाला. गढ्यांना कोणीच मिळाला नाही.

आज काय होत आहे?

पांढरी माती शेतात टाकली की पीक जोमदार येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे पडक्या गढीची माती गाड्या भरभरून शेतात जाते. पाया खोदून चिरे निघतात, ते नव्या घराच्या जोत्यात बसतात. गुप्तधनाच्या आशेने रात्रीबेरात्री खड्डे पाडणारेही असतात. त्यांना सोने मिळो न मिळो, गावाचा इतिहास मात्र विस्कटून जातो. कारण मातीतील खापर, नाणे, जळके धान्य ही ज्या थरात सापडतात त्या थरावरूनच त्यांचा काळ ठरतो. थर मोडला की ती वस्तू मुकी होते. पवनीच्या टेकडीचे थर शाबूत राहिले म्हणूनच १९६९ साली ती बोलू शकली.

यात शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. ज्याच्या घरी पावसाळ्यात पाणी गळते त्याने पडक्या गढीचा दगड उचलला तर त्याला दटावण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय अनेकांच्या मनात गढीविषयी आदर नसतो, आणि त्यालाही कारण आहे. त्या चौथऱ्याची माती ज्यांनी डोक्यावर वाहिली त्यांच्या वाट्याला वेठ आली, सदरेवर त्यांना पायरीखाली उभे राहावे लागले. गढीचा इतिहास सांगताना हे लपवू नये. मालकाचे नाव कागदपत्रांत राहिले. माती मळणाऱ्या हातांची नावे कोणी लिहिली नाहीत. परंतु म्हणूनच ती भिंत राखली पाहिजे, असे मला वाटते. त्या निनावी माणसांनी मागे ठेवलेला दुसरा दस्तऐवज नाही. भिंत गेली की मालकाचे नाव तरीही उरेल. त्यांचे मात्र काहीच उरणार नाही.

महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० सालचा आहे. राज्य संरक्षित स्मारकांच्या देखभालीत संस्थांनी वाटा उचलावा यासाठी 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजनाही आहे. परंतु कायद्याचे छत्र ज्यांची नोंद झाली त्यांनाच मिळते, आणि गावोगावच्या गढ्या बहुधा खाजगी मालकीच्या व नोंदीबाहेरच्या असतात. सरकारने प्रत्येक मातीच्या भिंतीशी पहारेकरी ठेवावा अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

मग आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, नोंद. आपल्या गावात वा शेजारच्या गावात गढी असेल तर तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, बुरूज किती उरले ते लिहावे. यासाठी पदवी लागत नाही; सुटीतली चार मुले पुरेशी आहेत. दुसरी गोष्ट, स्मरण. घरातील आजी-आजोबांना विचारावे की गढीत कोण राहत होते, आड कोठे होता, लिंपणाला कोण जात असे. गावातील सर्व मोहल्ल्यांत विचारावे, कारण एकच गढी सदरेवरून निराळी दिसते आणि पायरीखालून निराळी. तिसरी गोष्ट, संयम. चौथऱ्याला नव्याने कुदळ लावू नये आणि कोठे जुनी मूर्ती, नाणे वा कोरीव दगड निघाला तर तो गुपचूप घरी न नेता ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला कळवावे.

दगडी किल्ल्याला दुर्लक्ष शंभर वर्षे सोसते. मातीच्या गढीला दहा पावसाळेही सोसवत नाहीत. म्हणून हे काम पुढील पिढीवर टाकता येण्याजोगे नाही. ज्यांनी या भिंती डोळ्यांनी उभ्या पाहिल्या, ज्यांच्या आयांनी त्या लिंपल्या, अशी माणसे अजून आपल्यात आहेत. या उन्हाळ्यात, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी, त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे.